भुयारात पाऊस पडत नाही

दादरच्या फलाटावर गाडीची वाट बघताना खालची खडी कधी नीट पाहिली आहे का? नवी टाकलेली खडी काळसर करडी असते, आपल्या सह्याद्रीच्या दगडाची. स्थानकात मात्र ती हळूहळू तांबूस होत जाते. गाडी ब्रेक लावून थांबते तिथे जास्त, दोन स्थानकांच्या मधे कमी. पानाच्या पिचकाऱ्या वेगळ्या, त्या लांबूनही ओळखू येतात. हा रंग गंजाचा. चाक रुळावर घासतं, ब्रेकचा ठोकळा आवळला जातो आणि दर वेळी लोखंडाचा चिमूटभर कीस निघतो. तो उडतो, बसतो, गंजतो.

उघड्यावरच्या रेल्वेत याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. बराचसा कीस वारा घेऊन जातो, उरलेला जूनमध्ये धुऊन गटाराला लागतो. तीच रेल्वे जमिनीखाली वीस मीटरवर नेली तरी चाक घासायचं थांबत नाही आणि ब्रेकही लागायचा तो लागतोच. पण भुयारात पाऊस पडत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण साधं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची पहिली भुयारी मेट्रो धावू लागली आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती आरेपासून कफ परेडपर्यंत पुरी झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. पुण्यातही शिवाजीनगरहून स्वारगेटला जाणारी गाडी पेठांच्या पोटातून जाते. म्हणजे आपल्यातले कितीतरी जण आता रोजचा थोडा वेळ भुयारातल्या हवेवर काढतात. या गाडीत बसू नका असं मी मुळीच म्हणत नाही. बसा. मीही बसते. माझं मागणं एवढंच की ती हवा मोजली जाते का, याची चौकशी करा. आणि लवकर करा, रेल्वे नवी आहे तोवर.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. चुंबकाच्या तासाला मुलांना मैदानात सोडलं की पाच मिनिटांत प्रत्येकाच्या चुंबकाला काळी दाढी फुटलेली असायची. मातीतला लोहकीस. मग कागदावर तो पसरायचा, खालून चुंबक फिरवायचा आणि वर किसाची मिरवणूक निघायची. भुयारी रेल्वेतली धूळ ही याच लोहकिसाची जातभाई, फक्त अतिशय बारीक. लंडनच्या बोगद्यांतली धूळ कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवला तर तीसुद्धा अशीच चालू लागेल. रस्त्यावरची धूळ बहुतांशी जागची हलणार नाही. माती, राख, टायरचं रबर आणि डिझेलची काजळी यांना चुंबकाशी फारसं देणंघेणं नसतं. फरक हा इथून सुरू होतो.

बारीक म्हणजे किती? माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी ठेवावेत तेव्हा एका केसाची रुंदी भरते. मोठी धूळ नाकातले केस अडवतात, घशातला कफ अडवतो, आपण खाकरून मोकळे होतो. हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत उतरतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईच्या एका भुयारी स्थानकात पावसाचं पाणी शिरलं, तेव्हा त्याची चित्रफीत संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रभर फिरली. पाणी दिसतं, म्हणून मुख्यमंत्र्यांपासून पानवाल्यापर्यंत सगळे त्यावर बोलतात. धुळीची चित्रफीत निघत नाही.

या बाबतीत ज्यांचा अनुभव सर्वांत जुना, त्या लंडनकडे आधी बघू. तिथली भुयारी रेल्वे १८६३ ची, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर अवघ्या दहा वर्षांची. सुरुवातीला तर बोगद्यात कोळशाचं इंजिन धावायचं; प्रवाशांनी ते कसं सोसलं असेल कोण जाणे. खोल बोगद्यातली विजेवरची गाडी १८९० साली आली. तिला लोक ट्यूब म्हणतात, कारण बोगदा खरोखरच नळीसारखा गोल आहे आणि गाडी त्यात जेमतेम मावते. वीज आल्यावर धूर गेला, तेव्हा प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरलं. रुमालाला मात्र तसं वाटलं नाही. शिकायला किंवा नोकरीला लंडनला गेलेल्या आपल्या मुलामुलींचा पहिल्या महिन्यातला फोन आठवून बघा. थंडीची तक्रार, भाजीच्या भावाची तक्रार, आणि मग, ‘आई, ट्यूबमधून आल्यावर नाक शिंकरलं की काळं येतं.’ तिथे राहणाऱ्यांना याची इतकी सवय झालेली असते की ते त्यावर विनोद करतात.

विनोदाचे आकडे २०१९ च्या जानेवारीत आले. प्रदूषणाचा आरोग्यावर काय परिणाम होतो हे ब्रिटिश सरकारला सांगणारी तज्ज्ञांची एक समिती आहे. तिच्या अहवालात हॅम्पस्टेड स्थानकाची नोंद आहे. हे तिथलं सर्वांत खोल स्थानक, जमिनीखाली ५८.५ मीटर. त्याच्या फलाटावर पीएम २.५ चं सरासरी प्रमाण निघालं घनमीटरला ४९२ मायक्रोग्रॅम. त्याच शहरात, रहदारीच्या रस्त्याच्या कडेला, १६. पुढच्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी सबंध जाळ्याचं मोजमाप छापलं. सरासरी ८८, आणि शहरातल्या मोकळ्या हवेत १९. या धुळीचा जवळजवळ निम्मा भाग, ४७ टक्के, लोखंडाचा ऑक्साइड होता. म्हणजे गंजाचाच नातेवाईक.

४९२ आणि ८८ या दोन आकड्यांत एवढं अंतर का, हे समजून घेण्यासारखं आहे. लंडनच्या काही मार्गिका जमिनीच्या अगदी खाली, खंदक खणून वरून छप्पर घातल्यासारख्या आहेत. मधूनमधून त्या उघड्यावर येतात आणि श्वास घेतात. खोल मार्गिकांना ती सोय नाही. अरुंद नळी, आत शिरणारी गाडी, आणि गाडीपुढे ढकलली जाणारी हवा. सायकलला हवा भरायचा पंप डोळ्यांसमोर आणा. दट्ट्या म्हणजे गाडी. भुयारी स्थानकात गाडी दिसायच्या आधी तिचा वारा येतो, कपाळावरचे केस उडतात, आणि आपण बरं वाटून तोंड त्या दिशेला करतो. उन्हातून आलेल्या माणसाला तो वारा गोडच लागणार. पण बोगद्याच्या तळाशी बसलेली धूळ उचलून आणतो तोच. गाडी गेली की थोडी खाली बसते, पुढची आली की पुन्हा उठते. दर तीन-चार मिनिटांनी घर झाडलं आणि केर कधी भरलाच नाही, तर जे होईल ते.

लंडनला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. स्टॉकहोमच्या मारियातोर्गेत स्थानकावर पंचवीस वर्षांपूर्वी दिवसाची सरासरी २६० भरली होती, शेजारच्या गजबजलेल्या रस्त्याच्या सुमारे दहापट. न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर स्ट्रीट स्थानकावर २०२१ साली छापलेल्या अभ्यासात आकडा हजाराच्या वर गेला.

आता घाबरण्याआधी थोडं थांबा. हे सगळे आकडे खरे असले तरी त्यांचा अर्थ सरळ नाही, आणि मला तुम्हाला अर्धं सांगायचं नाही.

स्टॉकहोमचीच दोन संशोधनं घ्या. २००५ साली तिथल्या प्रयोगशाळेत माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी वाढवून त्यांवर रेल्वेची धूळ टाकली. रस्त्यावरच्या धुळीपेक्षा आठपट जास्त नुकसान त्या पेशींच्या डीएनएला झालं. बातमी जगभर गेली. दोन वर्षांनी त्याच शहरातल्या भुयारी रेल्वेच्या मोटरमनांचा अभ्यास झाला. वर्षानुवर्षं बोगद्यात काढणाऱ्या या माणसांना हृदयविकाराचा झटका इतर कामगारांपेक्षा जास्त येतो का? येत नव्हता. ही बातमी तेवढी फिरली नाही. काचेच्या बशीतली पेशी आणि हाडामांसाचा माणूस यांत अंतर असतं. लोखंडाची धूळ डिझेलच्या काजळीइतकी वाईट आहे, कमी वाईट आहे, की वेगळ्याच तऱ्हेने वाईट आहे, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. ब्रिटिश सरकारच्या त्या तज्ज्ञ समितीचा सूर असा होता की धोका असण्याची शक्यता आहे, किती ते आकड्यात मांडता येत नाही, पण कमी करण्याचा प्रयत्न जरूर करावा. मला हे शहाणपणाचं वाटतं. बरणीत काय आहे ते पुरतं कळलेलं नाही म्हणून कुणी त्यातलं चमचाभर रोज खात नाही.

केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट दाखवली. ट्यूबमधल्या धुळीचे ३९ नमुने त्यांनी चुंबकीय पद्धतीने तपासले. लोखंडाचे काही कण इतके सूक्ष्म निघाले, ५ नॅनोमीटरपर्यंत, की नेहमीच्या मोजणीत ते एकेकटे हाती लागत नाहीत. आणि कणांवर चढलेला गंज सांगत होता की ते निघाल्या निघाल्या बाहेर गेलेले नाहीत. बराच काळ आतच फिरत राहिलेत. बाहेर जायला वाटच नाही.

मापाचा एक घोळही सांगून टाकते, कारण उद्या तुम्ही प्रश्न विचारलात तर उत्तरात हाच घोळ पुढे येणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा सल्ला आहे की पीएम २.५ ची वर्षाची सरासरी ५ च्या आणि दिवसाची १५ च्या आत असावी. भारताची २००९ ची मानकं आहेत वर्षाला ४० आणि दिवसाला ६०. पण ही मापं मोकळ्या हवेसाठी. कामाच्या जागेचं माप निराळं. ब्रिटनमध्ये कारखान्यात आठ तासांच्या पाळीला श्वासात खोल जाणारी धूळ ४ मिलिग्रॅमपर्यंत चालते, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. या पट्टीने हॅम्पस्टेडचे ४९२ अगदी ऐटीत पास होतात. पहिल्या पट्टीने सपशेल नापास. फलाटावर सातवीतली मुलगी उभी असते, दम्याचे आजोबा उभे असतात, सात महिन्यांची गरोदर बाई उभी असते. त्यांना कारखान्याची पट्टी लावायची का? दक्षिण कोरियाने यावर उत्तर शोधलं आहे. तिथे स्थानकाच्या आतल्या हवेसाठी कायद्याने वेगळी मर्यादा आहे, पीएम २.५ साठी ५०. म्हणून ‘सगळं मर्यादेत आहे’ असं कुणी म्हणालं की लगेच मान डोलावू नका. कुठल्या मर्यादेत, ते विचारा.

आणि आपल्या वाट्याला नेमकं किती येतं? वहीत मांडून बघा, गणित चौथीचं आहे. समजा भुयारातली हवा ३०० ची आहे आणि तुम्ही येऊन-जाऊन अर्धा तास तिथे असता. अर्धा गुणिले ३०० म्हणजे १५०. उरलेले साडेतेवीस तास लंडनसारख्या १५ च्या हवेत काढले तर त्यांचे साधारण ३५२. म्हणजे अर्ध्या तासात दिवसभराच्या धुळीतली तीस टक्के धूळ आत गेली. हेच गणित मुंबईच्या जानेवारीतल्या, बाहेर ६० असलेल्या दिवसाला लावा. साडेतेवीस तासांचे १,४१०, आणि भुयाराचे तेच १५०. दहा टक्क्यांहूनही कमी. भुयार सुधारलं नाही, वरची हवा बिघडलेली आहे एवढंच. आणि आपल्याकडे हिवाळ्यात ६० च्या वरचे दिवस काही दुर्मीळ नाहीत. त्यात भुयारातली हवा शेवटी वरूनच आत ओढली जाते. रस्त्याकडेच्या झरोक्यातून जे येतं त्यात बांधकामाची माती आणि बसचा धूर असतोच. वर रस्ता, खाली रूळ, दोन्हीकडचं एकत्र.

म्हणून भुयारी मेट्रो सोडून रिक्षाने जाणं हा उपाय नाही. रिक्षात तुमचं नाक पुढच्या टेम्पोच्या धुराच्या नळकांड्यापासून सहा फुटांवर असतं. आणि लोकलच्या दारात लटकण्यापेक्षा भुयारात काचेआड उभं राहणं कितीतरी पटींनी बरं. मुंबईच्या लोकल मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जिवाला मुकतात. धुळीची काळजी करताना हा हिशेब विसरायचा नाही.

मुंबईच्या भुयारी मार्गिकेत काही गोष्टी मुळातच चांगल्या आहेत. फलाट आणि रूळ यांच्यामध्ये खालपासून वरपर्यंत काचेची भिंत आहे, गाडी आली की तेवढीच दारं उघडतात. आजच्या मेट्रो गाड्या वेग कमी करताना मोटरच उलटी फिरवल्यासारखी वापरून वीज परत मिळवतात, त्यामुळे ठोकळा घासण्याचं काम कमी होतं. बार्सिलोनाच्या नव्या मार्गिकेवर अशीच काचेची भिंत आहे आणि तिथल्या फलाटांवर धूळ जुन्या स्थानकांच्या जवळपास निम्मी भरली. सोलमध्येही भिंती बसवल्यावर फलाटांवरची हवा सुधारली. पण तिथे आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला फार बोलकी वाटते. फलाटावरची धूळ कमी झाली तेव्हा गाडीच्या डब्यातली वाढली. साहजिक आहे. कीस निघायचा तेवढा निघतोच; फलाटाचं दार लावून घेतल्यावर तो बोगद्यात कोंडला, आणि गाडीची वातानुकूलन यंत्रणा हवा घेते बोगद्यातलीच. दिवाणखान्याचं दार लावलं म्हणून स्वयंपाकघरातला धूर संपत नाही. तेव्हा उद्या कुणी फक्त फलाटावर यंत्र ठेवून चांगला आकडा दाखवला तर डब्यातला आकडाही मागा.

रेल्वे नवी आहे तोवर, असं मी वर म्हटलं ते यासाठी. नव्या बोगद्यात धूळ साचायला सुरुवात झालेली असते, थर बसलेले नसतात. आजचा आकडा लिहून ठेवला तर पाच वर्षांनी तुलना करता येईल. तिशीत रक्तदाब मोजून ठेवलेल्या माणसाच्या पन्नाशीतल्या रक्तदाबाचा अर्थ डॉक्टरला लगेच लागतो, तसं. लंडनकडे १८९० चा आकडा नाही. आपल्याला आपला पहिल्या वर्षा-दोन वर्षांतला ठेवता येईल.

आता रोजच्या प्रवासाचं बोलू.

गाडीला सात मिनिटं आहेत असं फलकावर दिसलं तर ती सात मिनिटं वरच्या तिकिटांच्या मजल्यावर काढा. खोल फलाटापेक्षा वरच्या मजल्यावर धूळ साधारणपणे कमी असते. मित्राला भेटायचं असेल, फोनवर लांबण लावायची असेल, तर बाहेर. फलाटावर धावत येऊ नका. धापा टाकणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कित्येक पट हवा ओढतो आणि तोंडाने ओढतो. पाच मिनिटं आधी घर सोडणं हे यावरचं सर्वांत स्वस्त औषध. दमा असणाऱ्यांनी पंप पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावा, आणि भुयारात छाती भरून येते असं पुन्हापुन्हा जाणवलं तर दिवस-वेळ लिहून डॉक्टरांना दाखवावं. ‘हल्ली त्रास होतो’ एवढ्यावरून डॉक्टरही काय करणार!

ओढणी, पदर, रुमाल यांनी पीएम २.५ फारसं अडत नाही. समाधान मिळतं. निळा सर्जिकल मास्कही कडेने हवा आत घेतो. एन-९५ चालतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. नाकावरची पट्टी दाबून घ्या आणि श्वास सोडून बघा, चष्म्यावर वाफ आली तर तो गळतो आहे. दाढीवाल्यांचा तर गळणारच, नाइलाज आहे. रोज वीस मिनिटं प्रवास करणाऱ्या धडधाकट माणसाने मास्क लावलाच पाहिजे असं मला वाटत नाही. दमेकऱ्यांनी, श्वासाच्या जुनाट आजारवाल्यांनी लावावा.

हवा मोजायची छोटी यंत्रं ऑनलाइन मिळतात. हौस असेल तर घ्या, पण एक ध्यानात ठेवा. ही यंत्रं कणांवर प्रकाश टाकून वजनाचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज बाहेरच्या हलक्या धुळीवरून बेतलेला असतो. लोखंड जड. त्यामुळे भुयारात ती कमी आकडा दाखवण्याचा संभव जास्त. एकाच यंत्राने रस्त्यावर, तिकीट मजल्यावर, फलाटावर आणि डब्यात पाच-पाच मिनिटं मोजून तुलना करायला ती ठीक आहेत. एका आकड्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर ‘सावधान’ म्हणून टाकायला ठीक नाहीत.

इथवर सगळं प्रवाशाचं झालं. प्रवासी दहा मिनिटांचा पाहुणा. खाली राहणारे वेगळेच. चहाच्या टपरीवर दहा तास उभी असलेली मुलगी, सुरक्षारक्षक, सफाईवाल्या, आणि शेवटची गाडी गेल्यावर रात्री दीड-दोनला बोगद्यात उतरणारे रुळांचे कामगार. वरच्या गणितात अर्ध्या तासाच्या जागी आठ तास घालून बघा. ३०० च्या हवेत आठ तास म्हणजे २,४००. आपले १५० कुठे आणि हे कुठे!

माझी एक जुनी विद्यार्थिनी भुयारी स्थानकात साफसफाईच्या कामाला आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मध्यंतरी बाजारात भेटली. मी धुळीचं विचारलं तर हसायला लागली. ‘बाई, फरशीत तोंड दिसतं आमच्या. तीन वेळा पुसते मी.’ मग जरा विचार करून म्हणाली, ‘पण ते दिशा दाखवायचे फलक असतात ना वर, त्यांच्या डोक्यावरनं फडकं फिरवलं की काळं येतं. हाताला लागलं तर साबणानं पण लवकर जात नाही.’ मी तिला चुंबकाची आठवण करून दिली. तिला आठवत होता, तिचा चुंबक मी जप्त केला होता तेही. तिला सांगितलं की कोरडं झाडू नको, ओलं फडकं वापर, उंचावरची धूळ झटकायची असली की एन-९५ लाव, आणि घरी जाऊन आधी हात-तोंड धू, मग पोराला घे. ती म्हणाली, ‘मास्कचं नाव लिहून द्या, दुकानदार कुठलाही देतो.’ भाजीच्या कागदावर लिहून दिलं.

अशा माणसांसाठी धूळ ओढून घेणारं यंत्र, वर्षातून एकदा फुप्फुसांची तपासणी, नीट बसणारे मास्क, ही काही चैनीची मागणी नाही. पण कंत्राटावरची बाई ती करू शकत नाही. उद्या कामावर बोलावलं नाही तर? मागणी आपण करायची, ज्यांना कुणी कामावरून काढू शकत नाही.

कशी करायची ते लिहून थांबते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, जोडपत्र अ, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, वर मेट्रो कंपनीच्या जन माहिती अधिकाऱ्याचा हुद्दा आणि पत्ता. महाराष्ट्रात ऑनलाइनही भरता येतो. विषय एकच ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. ‘का’ आणि ‘योग्य आहे का’ असे प्रश्न टाळा. मत देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, जवळ असलेला कागद देणं आहे. ‘किती, कधी, कुठे’ विचारा. मी असं लिहिलं:

‘आपल्या भुयारी स्थानकांत व गाड्यांत पीएम २.५ ची मोजणी कोणत्या तारखांना, कोणत्या ठिकाणी (फलाट, तिकीट मजला, डबा, बोगदा) व कोणत्या पद्धतीने झाली, त्याच्या नोंदींच्या प्रती. मोजणीच्या निकालांची तुलना ज्या मानकाशी केली त्या मानकाचं नाव. बोगद्यातली धूळ काढण्याच्या व वातानुकूलन यंत्रणेतल्या गाळण्या बदलण्याच्या गेल्या बारा महिन्यांच्या तारखा. भुयारात काम करणाऱ्या कायम व कंत्राटी कामगारांना दिलेल्या मास्कचा प्रकार व संख्या.’

उत्तराला तीस दिवस लागतात. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं तर ते फाडून टाकू नका, तेही उत्तरच आहे. मोजणी झाली नसल्याचा सहीशिक्क्याचा कागद तुमच्या हाती आला. तो घेऊन नगरसेवकाकडे, आमदाराकडे, प्रवासी संघटनेकडे जाता येतं. उत्तरच आलं नाही तर जोडपत्र ब, वीस रुपयांचा स्टॅम्प, आणि प्रथम अपील. आणि आकडे आले, चांगले आले, तर ते फलाटावर पुढच्या गाडीच्या वेळेशेजारीच लावा असं दुसरं पत्र लिहा. त्या पडद्यावर जाहिरातीला जागा आहे, म्हणजे आकड्याला असायला हरकत नसावी.

माझा अर्ज सोमवारी टपालात पडला. पोचपावती विजेच्या बिलांच्या फायलीत लावून ठेवली आहे, आणि कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाभोवती लाल गोल.